बारीक बियांची नाजूक रोपं: पिटुनिया, पॅन्सी, लिसिअँथस वगैरे, उगवणीपासून पुनर्लागणीपर्यंत (सातारा-सांगली)

परसबाग_सातारा

घट बसायच्या सुमारास तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकच धागा काढतोय. विषय फक्त फुलझाडांच्या अवघड बियांचा. झेंडू, झिनिया, तेरडा इथे नकोत, ते गच्चीवर सांडले तरी उगवतात.

घटाचंच बघा. पत्रावळीवरच्या मातीत धान दाट पेरतो, नवव्या दिवशी ते वीतभर उंच आणि पिवळंधमक होतं. देवघरात उजेड नसतो, म्हणून ते तसं होतं. दाण्यात पिठाचा साठा असतो, त्यावर नऊ दिवस निघतात. पिटुनियाच्या एका ग्रॅममध्ये साधारण दहा हजार बिया बसतात, म्हणजे साठा जवळजवळ शून्य. ते रोप अंधारात दोन दिवस ताणलं की संपलं. ज्यांचं पिटुनिया 'उगवून मेलं', त्यांतल्या निम्म्यांचं, ओल टिकवायला ट्रेवर घातलेलं झाकण वेळेवर निघालेलं नसतं.

यात दोन वेळा चुकवायच्या नाहीत. एक, दलपत्रं (बीतून निघणारी पहिली पानं) उघडतात ती. दुसरी, मुळ्यांनी मातीची गड्डी धरली पण अजून गोल फिरल्या नाहीत ती. मधल्या काळात काही चुकलं तर सावरता येतं, या दोन वेळांना चुकलं तर सावरणं फार अवघड.

पेरणी अशी:

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) धुतलेलं हवं. त्याची दाबलेली वीट भिजवून फुगवा, पाणी निथळू द्या, असं तीनदा. शेवटच्या भिजवणीच्या पाण्यात कॅल्शियम नायट्रेट, लिटरला चार-पाच ग्रॅम, रात्रभर. सकाळी पुन्हा साध्या पाण्याने धुवा. कोकोपीट सोडियम आणि पोटॅशियम धरून बसलेलं असतं, कॅल्शियम त्यांना हुसकावतं. हे टाळलं तर पहिल्या खऱ्या (दलपत्रांनंतरच्या) पानाच्या कडा करपतात आणि आपण बियाणेवाल्याला शिव्या घालतो.

मिश्रण: कोकोपीट तीन भाग, परलाइट (हलके पांढरे खडे) एक भाग. गांडूळखत दहा टक्क्यांच्या वर नको, तेही चाळून. साखर कारखान्याची ताजी मळी अजिबात नको. ती पूर्ण कुजलेली नसते, ओली झाली की तापते आणि अमोनिया सोडते.

प्रोट्रे ९८ कप्प्यांचा, एका ट्रेला सव्वा किलोच्या आसपास कोकोपीट लागतं. ऊसरोपांचे मोठ्या कप्प्यांचे ट्रे आपल्याकडे ढिगाने मिळतात, पण पिटुनियाला ते नकोत. एवढ्याशा मुळाभोवती एवढं ओलं कोकोपीट दिवसेंदिवस वाळत नाही आणि मूळ सडतं.

आधी ट्रे पाण्याने पूर्ण भिजवा, निथळू द्या, मग बी वर ठेवा. वरून माती नाही. पिटुनियाला उगवायला उजेड लागतो. गोळी (कवच) चढवलेलं बी असेल तर गोळीवर बारीक फवारा मारून ती पूर्ण विरघळली पाहिजे. अर्धवट भिजून वाळलेली गोळी सिमेंटसारखी आवळते. २४ ते २६ अंशांना पाच ते सात दिवसांत दलपत्रं दिसतात. निम्म्या कप्प्यांत हिरवं दिसलं की झाकण काढा. उरलेल्यांची वाट बघत बसू नका.

कृष्णाकाठ_मिरज

गोळी नसलेली सुटी बी कशी टाकायची? आमच्याकडे रांगोळीत मिसळून टाकतात. पांढरी असल्याने कुठे पडली ते दिसतं.

वाईची_माती

रांगोळी नको. बाजारातली बरीच रांगोळी संगमरवराची किंवा डोलोमाइटची भुकटी असते. सामू (पीएच) वाढतो.

तासगाव_शेडनेट

सामूचं कारण पटत नाही. चिमूटभर रांगोळीने ट्रेचा सामू कितीसा हलणार? खरी भानगड पापुद्र्याची. रांगोळी मैद्यासारखी बारीक असते, फवारा बसला की तिचा थर धरतो आणि बी त्यात अडकून वाळते. शिरगोळ्याची भरड रांगोळी असेल तर चालते. चिमूटभर बशीत घेऊन लिंबू पिळा, फसफसली तर चुनखडीची.

त्यापेक्षा नदीची वाळू चहाच्या गाळणीतून चाळा, धुवा, तव्यावर कोरडी करा. एक भाग बी, वीस भाग वाळू. पोस्टकार्ड मधोमध दुमडून त्या घडीतून बोटाने टिचक्या मारत सोडा. थोडक्याच बिया असतील तर उदबत्तीच्या काडीचं टोक ओलं करून एकेक उचला. टोक कोकोपीटला टेकलं की बी सुटते.

वाईची_माती

बरोबर, पापुद्रा हेच मोठं कारण. मान्य.

कृष्णाकाठ_मिरज

पाण्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कासच्या तलावाचं पाणी वापरणाऱ्या सातारकरांना हा त्रास कळायचा नाही. मिरज, पलूस, वाळवा भागात बोअरचं पाणी म्हणजे क्षार. ट्रेच्या कडेला पांढरी रेघ धरते ती तीच.

लिंबूसत्व घालून सामू सहा ते साडेसहावर आणता येतो. दहा लिटरला दोन ग्रॅमपासून सुरुवात करा आणि पट्टीने मोजत वाढवा. पण लिंबूसत्वाने सामू उतरतो, क्षार उतरत नाहीत. त्याला उपाय एकच, पाणी बदलणे. पेरणीपासून दोन खऱ्या पानांपर्यंत एका ट्रेला दिवसाला अर्धा लिटरही लागत नाही. तेवढं साठवलेलं पावसाचं किंवा एसीच्या नळीचं पाणी पुरतं.

आणि आरओचं सांडपाणी रोपांना घालणाऱ्यांनो, थांबा. गाळणीने काढून टाकलेले सगळे क्षार त्यातच असतात. फरशी पुसायला ठीक.

गच्चीबाग_४१५

पॅन्सीची दोन पाकिटं लावली, शंभरात सहा उगवल्या. पिटुनियासारखंच सगळं केलं होतं.

परसबाग_सातारा

म्हणूनच नाही उगवल्या, ताई. पॅन्सीचं गणित उलटं आहे. तिला अंधार आणि गारवा हवा, १८ ते २० अंश. पंचविशीच्या वर गेलं की बी मरत नाही, झोपून जाते. ऑक्टोबर हीटमध्ये आपल्याकडे दुपारी तिशीच्या वर असतं. उरलेल्या चौऱ्याण्णव बिया फेकू नका, ट्रे गार जागी हलवा, त्यातल्या काही अजून येतील.

अडचण अशी की थंडीची वाट बघून नोव्हेंबरच्या मध्यावर पेरलं तर फुलायला फेब्रुवारी उजाडतो आणि मार्च संपता संपता उन्हाने सगळं आटोपतं. म्हणून ऑक्टोबरातच पेरायचं आणि गारवा आपण तयार करायचा.

तासगाव_शेडनेट

त्याला विटांचा हौद. भारतीय कृषी संशोधन संस्थेने भाजी टिकवायला शून्य ऊर्जा शीतकक्ष काढला, त्याचंच लहान रूप. झाडाच्या सावलीत विटांच्या दोन भिंती, एकात एक. मध्ये सात-आठ सेंटीमीटर फट, फटीत वाळू. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची, वरून ओलं गोणपाट. ट्रे आत विटांवर ठेवायचा, जमिनीवर नाही, नाहीतर गोगलगाई. पाऊस थांबून हवा कोरडी झाली की छान गार होतं. परतीचा पाऊस लांबला तर मात्र उपयोग नाही, दमट हवेत पाणी उडतच नाही.

पॅन्सीच्या बीवर कोकोपीटचा तीन-चार मिलिमीटर थर द्या. पाचव्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ बघायचं. थर उचलून वाकलेली मान दिसू लागली की त्याच दिवशी पन्नास टक्के शेडनेटखाली. हौदात एक दिवस जास्त राहिली की घटातल्या धानासारखी होतात.

गच्चीबाग_४१५

समजलं. ट्रे माठाशेजारी मोरीत ठेवलाय तोवर. अजून एक, उगवलेल्या सहांपैकी दोन आज आडव्या पडल्या. हळद भुरभुरवू का?

कृष्णाकाठ_मिरज

सांगलीकर असून सांगतो, हळद आमटीत घाला. ट्रेवर तिचा थर पाणी अडवतो, आडवं पडलेलं रोप उठत नाही.

रोपं कोलमडणे हा रोग आहे. आडवं पडलेलं रोप चिमट्याने उचलून बघा. देठ जमिनीलगत दोऱ्याने करकचून आवळल्यासारखा बारीक, तपकिरी आणि कोरडा असेल तर बहुधा रायझोक्टोनिया ही बुरशी. पाणचट, काचेसारखा, बोटात चिवडला जाणारा असेल तर पिथियम हा बुरशीसारखा जंतू. दोन्हींना ओल आणि कोंडलेली हवा लागते, पिथियमला जरा जास्तच.

करायचं काय: पडलेलं रोप आणि त्याच्या भोवतीचं दोन-तीन सेंटीमीटर कोकोपीट काढून टाका. लहान कप्पा असेल तर कप्पाच रिकामा करा. कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम, मुळाशी. त्यानंतर वरचा थर फिका पडेपर्यंत पाणी नाही. खिडकीत असेल तर पंखा हळू, दिवसातून काही तास.

आधीच टाळायचं असेल तर ट्रायकोडर्मा मिश्रणात किलोला दहा ग्रॅम, पेरणीच्या आठवडाभर आधी, वाफशावर (ओलसर, पण चिखल नाही) झाकून ठेवा. ट्रायकोडर्मा ही बुरशीच आहे. तिच्यावर तांब्याचं औषध घातलं तर दोन्हींचे पैसे पाण्यात. दहा-बारा दिवसांचं अंतर ठेवा.

पाणी कधी द्यायचं? ट्रे उचलून. भरल्या ट्रेचं वजन हाताला लक्षात राहतं. हलका लागला आणि वरचा रंग चहापूडवरून बिस्किटावर आला की परातीत दोन बोटं पाणी घेऊन त्यात ट्रे ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत वरपर्यंत ओल चढते. काढा, तिरपा धरून निथळू द्या. रोज ठरलेल्या वेळी झारीने पाणी देणं म्हणजे रोगाला आमंत्रण. शेतात आपण वाफसा बघतो ना, तसाच ट्रेतही बघायचा.

वाईची_माती

आता पुनर्लागण. इथे रोपं सगळ्यात जास्त मरतात.

आधी वेळ. कप्प्यातलं रोप असेल तर आदल्या दिवशी पाणी तोडा आणि खालच्या भोकातून पेन्सिलीने गड्डी वर ढकला. भुगा झाला तर अजून चार-पाच दिवस. गड्डी अखंड आली, कडेला पांढऱ्या मुळ्या दिसतायत, मधे कोकोपीटही दिसतंय, तर आजच. नुसतं पांढरं जाळं आणि तळाशी मुळ्यांचं वेटोळं असेल तर उशीर झालाय. तशी गड्डी लावायच्या आधी तळाची चुंबळ बोटाने सोडवा किंवा कापून टाका. न सोडवता लावलेलं रोप महिनाभर तिथल्या तिथे बसून राहतं. पिटुनियाला ही वेळ पेरणीपासून साधारण चार-पाच आठवड्यांनी येते.

खोक्यात दाट पेरलं असेल तर लवकर, पहिलं खरं पान दिसू लागलं की. दोन तास आधी पाणी. आइस्क्रीमची चपटी काडी तिरपी घालून पंधरा-वीस रोपांचा ढेकूळच उचला, ओल्या कागदावर ठेवा, हलकेच आपटून सुटी करा. रोप धरायचं ते दलपत्राला, देठाला नाही. पान फाटलं तर दुसरं येतं, देठाच्या आतल्या नळ्या चिरडल्या की वर पाणी चढत नाही. चिमटीत किती दाब पडतो ते आपल्याला कळत नाही, रोपाला कळतं.

नव्या कप्प्यात पेन्सिलीने आधी भोक. मूळ सरळ लोंबलं पाहिजे. भोक उथळ असेल तर मूळ वर वळतं आणि ते रोप पुढे कायम लुकडं राहतं. मूळ फार लांब असेल तर दुमडण्यापेक्षा टोकाचा एक तृतीयांश कापलेला बरा. अंगठ्याने दाबू नका, फवाऱ्याचं पाणीच माती बसवतं. उघडं मूळ मिनिटभरापेक्षा जास्त हवेत नको, म्हणून एकेक उचलून एकेक लावा. कागदावर रांग मांडून फोटो काढत बसू नका.

खोली: पिटुनिया दलपत्रांपर्यंत गाडलं तर उलट बरं, टोमॅटोसारखं. पॅन्सी, जरबेरा, लिसिअँथस यांचा मधला कोंब मातीच्या वरच हवा. जरबेऱ्याचा कोंब मातीत गेला की सडतोच.

वेळ संध्याकाळी पाचनंतरची. तीन-चार दिवस पूर्ण सावली. मग सकाळचं ऊन रोज तासभर वाढवत आठवड्याने उघड्यावर. पहिले पाच-सहा दिवस खत नाही, तुटलेल्या मुळांना खत चटका देतं. नंतर एकोणीस-एकोणीस (१९:१९:१९ विद्राव्य खत) लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, पुढे एक ग्रॅम.

लाल_माती_पाचगणी

लिसिअँथसबद्दल थोडं. मूळ उत्तर अमेरिकेतल्या गवताळ भागातलं. बी धुळीसारखी, ग्रॅमला वीस हजारांच्या घरात, म्हणून गोळी चढवलेलंच घ्या. उजेडात, २० ते २२ अंशांना, दहा ते चौदा दिवस. नंतर धीर धरायचा. महिन्याने रोप साबुदाण्याएवढं असतं आणि लोक समजतात की खुंटलं. पुनर्लागणीला दहा आठवडे लागतात, कधी बारा.

खरा धोका उष्णतेचा. रोपावस्थेत तापमान २५-२८ अंशांच्या वर राहिलं, विशेषतः रात्री, की रोप जमिनीला चिकटून कोबीसारखा पसारा करतं आणि दांडा सोडत नाही. ते मेलेलं नसतं, त्यामुळे आपण चार महिने पाणी घालत राहतो. म्हणून सांगली-तासगावच्या लोकांनी नोव्हेंबरच्या आधी पेरू नये. महाबळेश्वर-पाचगणीच्या उंचीवर जरा लवकर जमतं, पण पाऊस पूर्ण थांबल्यावरच.

पुनर्लागण पानांच्या दोन जोड्यांवर. सोटमूळ एकदा तळाला टेकून वळलं की ते परत नीट वाढत नाही, म्हणून याला उशीर पिटुनियापेक्षा महाग पडतो.

गच्चीबाग_४१५

पॉपी, लार्कस्पर पण ट्रेमध्येच ना?

तासगाव_शेडनेट

नाही. दोन्ही सोटमुळाची, हलवलेलं सोसत नाही. जिथे फुलवायचं तिथेच पेरा, उगवल्यावर विरळणी करा. विरळताना जास्तीची रोपं उपटू नका, कात्रीने कापा, नाहीतर शेजारच्याचं मूळ हलतं. लार्कस्परला गारवा आणि अंधार, म्हणजे दिवाळीनंतर, मातीखाली अर्धा सेंटीमीटर. पॉपी मातीवरच, न झाकता.

स्वयंपाकघरातली खसखस पेरू नका. ती अफूची बी आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली परवान्याशिवाय अफू लावणं गुन्हा आहे, चार रोपं असली तरी. शर्ली किंवा कॅलिफोर्निया पॉपी घ्या.

ट्रेशिवाय पर्याय नसेल तर एकेका कपात एकेक बी आणि कपासकट लागण. पण चहाच्या कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं, मुळं बाहेर पडत नाहीत. हल्ली द्रोणांनाही चकचकीत थर असतो. पळसाच्या पानाचा जुन्या पद्धतीचा द्रोण किंवा वर्तमानपत्राची नळी उत्तम. कागदाची कड मातीच्या वर राहू देऊ नका, ती वातीसारखी ओल शोषून वर उडवते आणि आतली गड्डी वाळते. स्वीट पीलाही हेच. बी रात्रभर भिजवा, सकाळी न फुगलेल्यांना नेलकटरने एक टवका पाडा, डोळ्याच्या विरुद्ध बाजूला.

कोडोली_रोपं

कासच्या पठारावरची फुलं बियांपासून जमतील का? ड्रॉसेरा, सीतेची आसवं वगैरे.

लाल_माती_पाचगणी

आणू नका. वन विभागाची संरक्षित जागा आहे, २०१२ पासून जागतिक वारशात आहे. आणलं तरी जगत नाही. ती फुलं जांभ्यावरच्या इंचभर, जवळजवळ अन्नच नसलेल्या मातीत, चार महिने सतत पाझरणाऱ्या पाण्यावर वाढतात. आपल्या कुंडीतलं शेणखतच त्यांना मारतं.

देशी आणि अवघड हवं असेल तर सोनचाफा करा. फळ फुटून लाल गर दिसला की बी ताजीच घ्या. गर तेलकट असतो, राख चोळून पूर्ण काढा. नाही काढला तर उगवण अडते आणि मुंग्या बी पळवतात. वाळवून डबीत ठेवू नका, काही आठवड्यांत जीव जातो. सावलीत, ओल्या वाळूत, एक सेंटीमीटर खोल. एक ते तीन महिने लागतात, तोवर कुंडी कोणी रिकामी समजून उलटणार नाही याची काळजी घ्या, पाटी लावा. बियांच्या झाडाला फुलं यायला सात-आठ वर्षं जातात, घाई असेल तर कलमच घ्या.

कोडोली_रोपं

सोनचाफा करतो. आणि पिटुनियाची लावलेली रोपं शेंड्याकडे पिवळी पडतायत, शिरा हिरव्या. नत्र कमी का?

कृष्णाकाठ_मिरज

नत्र कमी असेल तर आधी खालची जुनी पानं पिवळी पडतात. शेंड्याकडे, शिरा हिरव्या ठेवून पिवळं म्हणजे लोह. मातीत लोह असतं, पण सामू साडेसहाच्या वर गेला की पिटुनियाला ते उचलता येत नाही. चिलेटेड (मुळांना उचलता येईल असं बांधलेलं) लोह घ्या, पण पाकीट वाचून: ईडीटीए असेल तर आपल्या मातीत लवकर निकामी होतं, ईडीडीएचए असलेलं घ्या. लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, मुळाशी, संध्याकाळी. नवी पानं आठ-दहा दिवसांत हिरवी येतात. जुनी सुधारली नाहीत तर पुन्हा डोस मारू नका, नवीच बघा. कुंडीत काळी माती आहे का?

कोडोली_रोपं

निम्मी काळी.

वाईची_माती

मग पुढच्या खेपेला तांबडी घ्या. काळी वाळताना आकसते आणि भेगेबरोबर कोवळी मुळं तोडते. कोकोपीटच्या गड्डीभोवती काळी माती घातली की दोघांची ओल कधी जुळत नाही. माती ओली दिसते, आत गड्डी ठणठणीत कोरडी. बोट गड्डीतच घालून बघायचं, कडेच्या मातीत नाही. जमिनीत काळीच असेल तर गादीवाफा, वीतभर उंच, तिसरा हिस्सा कुजलेलं शेणखत.

गच्चीबाग_४१५

शेवटचं. पिटुनिया तयार आहे पण वाफा व्हायला अजून बारा दिवस. ट्रेमध्ये थांबवता येईल?

परसबाग_सातारा

येईल. खत बंद, पाणी पान जरा मलूल झाल्यावरच, ऊन शक्य तेवढं जास्त. कप्पे एकाआड एक रिकामे करून रोपं दुसऱ्या ट्रेमध्ये पसरा, पानं एकमेकांना टेकली की उंच पळतात. पाचव्या-सहाव्या पानावर शेंडा खुडा. कळी दिसली तर तीही खुडा. लावायच्या आदल्या संध्याकाळी एकोणीस-एकोणीस अर्धा ग्रॅम, आणि लावताना तळाची चुंबळ सोडवायला विसरू नका.